मोसमाचे पाहुणे

गेल्या आषाढात एका रविवारी सायंकाळी आमचा एक जुना विद्यार्थी सपत्नीक आमच्या घरी आला. महाविद्यालयात असताना इतिहासापेक्षा क्रिकेटकडे त्याचे लक्ष अधिक असे. परंतु स्वभावाने उमदा, आणि आता एका मोठ्या पेढीत चांगल्या पगारावर आहे. विवाहास दहा वर्षे पूर्ण होत असल्यामुळे मालदीवच्या एखाद्या बेटावर पाच दिवस सुखाने घालवावे, असा त्या उभयतांचा बेत होता. प्रवासाची रंगीत पत्रके त्याने आमच्या मेजावर पसरली. निळे पाणी, पांढरी वाळू, पाण्यात खांब रोवून उभारलेल्या कुट्या, आणि एका रात्रीचे भाडे इतके, की आमच्या वडिलांनी तेवढ्या रकमेत गावचे घर दुरुस्त करून वर एका बहिणीचे लग्नही लावून दिले असते. त्याचा प्रश्न एवढाच होता : ‘सर, जावे कोणत्या महिन्यात?’ पत्रकांत डिसेंबर ते एप्रिल हा ‘मोसम’ म्हणून छापला होता, आणि उरलेले महिने मोसमाबाहेरचे म्हणून स्वस्त ठेवले होते. त्यावर त्याची पत्नी म्हणाली, ‘पण मला तो पंखांचा मोठा मासा पाहायचा आहे, आणि तो म्हणे पावसाळ्यातच येतो. मग खरा मोसम कोणता समजायचा?’

हा दुसरा प्रश्न आम्हांस फार आवडला. साध्या प्रश्नास लांब उत्तर देणे हा आमच्या व्यवसायाचा दोष आहे, आणि त्या दिवशी चहा थंड होईपर्यंत आम्ही तो दोष मनसोक्त आचरला. जे त्या वेळी विस्कळीतपणे सांगितले, तेच येथे जरा क्रमाने मांडीत आहोत. कारण मालदीवास जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आता थोडी राहिलेली नाही, आणि ज्या देशी आपण पाहुणे म्हणून जातो, त्या देशात पाहुणे कधी व कोणाच्या आज्ञेने येत असत, हे जाणून जाणे बरे.

प्रथम त्या देशाची घडण ध्यानात घेतली पाहिजे. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेपासून उत्तरेकडे सुमारे ८७० किलोमीटर लांब अशी प्रवाळबेटांची ही माळ हिंदी महासागरात पडली आहे. बेटे सुमारे १,२००. पैकी मनुष्यवस्तीची दोनशेच्या आतबाहेर. सगळी जमीन एकत्र केली तर ती ३०० चौरस किलोमीटरच्या आसपास भरेल, आणि तिची उंची समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर. ही बेटे एकेकटी नसून कड्यासारख्या गोल रांगांत वसली आहेत. आमच्या भूगोलाच्या पुस्तकांत ज्यास कंकणद्वीप म्हणतात, त्यास तेथील लोक ‘अतोळु’ म्हणतात, आणि इंग्रजीतला ‘ॲटॉल’ हा शब्द याच भाषेने जगास दिला. ही दिवेही भाषा सिंहलीची भगिनी. आर्यकुळातील भाषांत सर्वांत दक्षिणेकडची. मासळीस तेथे ‘मस’ म्हणतात, हे ऐकून आमच्या कोकणी वाचकास परकेपणा वाटू नये.

अशा देशात डोंगर नाही, नदी नाही, धान्य पिकविण्यास पुरेशी माती नाही. तांदूळ, कापड, लोखंड सारे समुद्रावरून आले पाहिजे, आणि शिडांच्या काळात समुद्रावरून काय येईल व केव्हा येईल, हे वारा ठरवी. अरबांनी वर्षातील ठरावीक वाऱ्यांस ‘मौसिम’, म्हणजे नेमलेली वेळ, असे नाव दिले. त्याच शब्दापासून इंग्रजांचा मान्सून आला, आपला मोसम आला, आणि दिवेहीतला ‘मूसुन’ही आला. मूळ अर्थ नेमलेल्या वेळेचा. पाऊस, ऊन वा पर्यटन यांचा नव्हे. नेमणारा निसर्ग, आणि ती वेळ पाळणारा माणूस. पत्रकातल्या ‘मोसमा’ने हा अर्थ उलटा केला आहे, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

मालदीवात मोसम दोन. नैर्ऋत्येचा वारा तो ‘हुळंगु’, आणि ईशान्येचा तो ‘इरुवाइ’. परंतु तेथील कोळी व नावाडी एवढ्या ढोबळ भेदावर समाधान मानीत नाहीत. ते वर्षाचे २७ भाग करतात. प्रत्येक भाग तेरा-चौदा दिवसांचा, आणि त्यास म्हणतात ‘नकइ’. हा शब्द कोठून आला, हे मराठी वाचकास सांगावयास हवे काय? त्या सत्तावीस भागांची नावे अशी चालतात : अस्सिद, बुरुनु, केति, रोनु, मियाहेळि, अद, फुनोस, फुस. म्हणजे आपली अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य! पुढे ‘मा’ म्हणजे मघा, ‘अता’ म्हणजे हस्त, ‘हिता’ म्हणजे चित्रा. हुळंगु मोसम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास अस्सिदने सुरू होतो आणि अठरा नकइ चालतो. डिसेंबरच्या दहाव्या तारखेच्या सुमारास मूळ नक्षत्र लागले की इरुवाइच्या नऊ नकइंस आरंभ होतो. बाराव्या शतकाच्या मध्यास, इ.स. ११५३ मध्ये, बौद्धधर्मी मालदीवाने इस्लामचा स्वीकार केला. राजाचा धर्म पालटला, चांद्र वर्ष आले, लिपीही पुढे बदलली. तथापि वाऱ्याचा हिशेब मात्र नक्षत्रांवरच राहिला. आमचा शेतकरी मृगाकडे डोळे लावून बसतो, हत्तीच्या पावसाची भीती बाळगतो. त्याच्यापासून शेकडो कोस दूर, दुसऱ्या धर्माचा कोळी त्याच नक्षत्राच्या नावाने होडी पाण्यात लोटायची की नाही ते ठरवितो. तारखांत थोड्या दिवसांचा फरक असेल, पण पंचांग एकाच घरचे आहे.

या वाऱ्यांवर जे पाहुणे आले, त्यांची यादी मोठी आहे. इ.स. १०३०च्या सुमारास अल्-बिरूनीने या बेटांचे दोन प्रकार नोंदले : एक कवड्यांची बेटे, दुसरी काथ्याची बेटे. आणखीही एक गोष्ट त्याने लिहून ठेवली आहे. ही बेटे समुद्रातून वाळूच्या पट्ट्याप्रमाणे हळूहळू वर येतात, पसरतात, घट्ट होतात. आणि दुसरी झिजून विरघळतात व बुडतात. आपले बेट खचू लागले असे दिसताच लोक नवे बेट शोधून माड व संसार तिकडे नेतात. हजार वर्षांपूर्वीचे हे वाक्य आम्ही पूर्वी कुतूहल म्हणून वाचीत असू. आता तसे वाचवत नाही.

अल्-बिरूनीने ऐकून लिहिले, तर इब्न बतूता स्वतः गेला. इ.स. १३४३च्या अखेरीस कालिकतहून निघून दहा दिवसांत तो मालदीवास पोचला. तेथे सुलताना खदीजा राज्य करीत होती. काझी मिळत नव्हता म्हणून या विद्वान प्रवाशास तेथे काझी करून ठेवून घेण्यात आले. त्याने तेथे विवाह केले, निवाडे दिले, वजिराशी भांडण काढले, आणि इ.स. १३४४ मध्ये बेटे सोडली. त्याच्या वृत्तांतात राजकारण व संसार यांच्याइतकीच जागा तीन वस्तूंनी घेतली आहे : सुकविलेली मासळी, काथ्याचे दोर आणि कवड्या. हिंदी महासागरातील जहाजांच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवीत. तो काथ्या येथला. आणि कवडी तर या समुद्राचे नाणेच होते. एक लाख कवड्यांस तेथे ‘बुस्तु’ म्हणत, आणि चार बुस्तुंस सोन्याचा एक दिनार मिळे असे तो लिहितो.

कवडीविषयी मराठी माणसाने दोन शब्द अधिक ऐकावेत. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘फुटकी कवडी देणार नाही’ म्हणतो, सोंगट्यांच्या पटावर कवड्या टाकतो. तुळजाभवानीचे आराधी कवड्यांची माळ गळ्यात घालतात. या लहानग्या शंखाचे सर्वांत मोठे कोठार शतकानुशतके मालदीव हेच होते. तेथून जहाजे भरून कवड्या बंगालला जात व येताना तांदूळ येई. बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कवडी चलनात होती. पुढे डच व इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याच कवड्या जहाजांच्या तळाशी भार म्हणून भरून युरोपास नेल्या व तेथून पश्चिम आफ्रिकेत पोचविल्या; तेथे त्यांच्या बदल्यात माणसे विकत घेतली गेली. उथळ पाण्यातील एका निरुपद्रवी जीवाच्या कवचाने एवढे पुण्य आणि एवढे पाप पाहिले आहे.

या कवड्या वेचीत कशा, हे ज्याने सविस्तर लिहून ठेवले तो पाहुणा मात्र स्वखुशीचा नव्हता. फ्रान्सातील लाव्हाल गावचा फ्रान्स्वा पिरार हा ‘कोर्बें’ नावाच्या जहाजातून पूर्वेकडे निघाला होता. इ.स. १६०२च्या जुलै महिन्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन हुळंगुत, ते जहाज मालदीवच्या एका प्रवाळकंकणावर आपटून फुटले. पिरार जवळच्याच फुळदू नावाच्या लहानशा बेटावर ठेवला गेला. बरोबरचे पुष्कळ जण तापाने मेले. हा भाषा शिकला म्हणून तरला. पुढे राजाच्या कृपेने माले येथे राहून पाच वर्षे त्याने तो देश आतून पाहिला. इ.स. १६०७ मध्ये बंगालकडून आलेल्या आरमाराने मालेवर छापा घातला, राजा मारला गेला, आणि पिरार चितगाव, कालिकत, कोचीन असा फिरत इ.स. १६०८ मध्ये पोर्तुगीजांचा कैदी म्हणून गोव्यास आला. तेथील इस्पितळाची त्याने केलेली स्तुती व तेथील तुरुंगाविषयीची त्याची तक्रार ज्यांनी वाचली आहे, त्यांस हा गृहस्थ अपरिचित नाही.

पिरार सांगतो की कवड्या महिन्यातून दोनदा वेचीत : अमावास्येच्या आधी व नंतर तीन-तीन दिवस, आणि तसेच पौर्णिमेस. बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून वाळूतून त्या उचलीत. याचे कारण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसास सांगावे लागत नाही. त्या दिवसांत उधाण येते, भरती मोठी व ओहोटीही मोठी. जे पाणी एरवी उघडत नाही, ते तेव्हा उघडते. म्हणजे वारा, नक्षत्र आणि चंद्र अशी तीन घड्याळे या बेटांवर चालत होती. व्यापारी गलबत पहिल्यावर निघे, कोळी दुसऱ्यावर, आणि कवड्या वेचणारी बाई तिसऱ्यावर. सुलतानालाही यांतले एकही घड्याळ पुढे-मागे करता येत नव्हते.

आमच्या मुंबईचा संबंधही येथे येतो. ही बेटे म्हणजे जहाजांचा काळ. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातील कॅप्टन मोर्सबी याने इ.स. १८३४ ते १८३६ या काळात त्यांची मोजणी केली. त्याचे दोन अधिकारी, यंग व ख्रिस्तोफर, लोकांची भाषा व रीती अभ्यासण्यासाठी मालेत राहिले व दोघेही तेथील तापाने अंथरुणास खिळले. त्यांनी लिहिलेला वृत्तांत मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीने छापला. मोर्सबीचे नकाशे इतके उत्तम उतरले की प्रवाळबेटे कशी घडतात याविषयी इ.स. १८४२ मध्ये डार्विनने जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांचा आधार घेतला. बेटांखालचा डोंगर हळूहळू खचतो आणि प्रवाळ तितक्याच नेटाने वर बांधीत जातो, म्हणून कडे उरते व मधला डोंगर नाहीसा होतो, हे त्याचे प्रतिपादन. मालदीव म्हणजे लक्षावधी वर्षे चाललेली खचणे व बांधणे यांची शर्यत होय.

आता सुखाचे पाहुणे कधी आले ते पाहू. इ.स. १८८७ पासून इंग्रजांच्या छत्राखाली असलेले मालदीव इ.स. १९६५ मध्ये स्वतंत्र झाले व १९६८ मध्ये प्रजासत्ताक बनले. त्यापूर्वीच, १९५७-५८ मध्ये, हान्स हास हा ऑस्ट्रियन पाणबुड्या संशोधक आपले ‘क्सारिफा’ जहाज घेऊन तेथे गेला होता व त्याने पाण्याखालचे ते जग युरोपास दाखविले होते. इ.स. १९७२च्या फेब्रुवारीत जॉर्ज कॉर्बिन नावाच्या इटालियन प्रवास-व्यावसायिकाने पहिली पर्यटक मंडळी आणली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात विहामनाफुशी या निर्जन बेटावर तीस खोल्यांचे ‘कुरुंबा’ उघडले. कुरुंबा म्हणजे शहाळे. ३७० वर्षांपूर्वी ‘कोर्बें’ फुटल्यामुळे एक युरोपीय येथे अडकला होता. आता जवळजवळ त्याच नावाचा दुसरा युरोपीय आला, तो लोकांस आपण होऊन येथे आणण्यासाठी! इतिहासास असे विनोद अधूनमधून सुचतात. त्या पहिल्या वर्षी सुमारे हजार पर्यटक आले, इ.स. २०२४ मध्ये त्यांची संख्या वीस लाखांवर गेली, आणि त्या देशाची स्वतःची वस्ती पाच लाखांच्या आसपास आहे.

हा जो युरोपीय पाहुणा प्रथम आला, तो हिवाळ्यातला होता. घरी बर्फ, म्हणून त्यास ऊन हवे. इरुवाइत वारा कोरडा, समुद्र शांत, आकाश निरभ्र. त्याच्या थंडीशी तो काळ बरोबर जुळला. पत्रकातला ‘मोसम’ जन्मला तो असा. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो युरोपच्या थंडीचा मोसम आहे, मालदीवच्या समुद्राचा नव्हे. डिसेंबरात मुंबई-पुण्याच्या गुलाबी हवेत सुखाने राहणाऱ्या माणसाने तोच मोसम दुप्पट भाडे देऊन का पाळावा, याचा विचार ज्याने त्याने करावा.

समुद्राचा मोसम कसा चालतो, तेही सांगतो. हुळंगुत प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. खोल समुद्रातून उभ्या राहिलेल्या या प्रवाळरांगांवर तो आदळतो, तेव्हा खालचे पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, आणि रांगांच्या आडोशाला, म्हणजे पूर्व बाजूस, प्लवक माजतो. प्लवक म्हणजे डोळ्यांस जेमतेम दिसणारे, पाण्याबरोबर वाहणारे जीव. त्यांच्यामुळे पाणी गढूळ दिसते, आणि पत्रकवाल्यास ते आवडत नाही. पण याच गढूळ पाण्यावर त्या समुद्रातील सर्वांत मोठे प्राणी जगतात. मांटा हा आपल्या पाकटाच्याच जातीचा. पंखांचा पसारा तीन-चार मीटर, शेपटीस नांगी नाही, दात असून नसल्यासारखे. तोंड उघडून तो पोहत राहतो आणि प्लवक गाळून खातो. इरुवाइत प्रवाह उलटतो, प्लवक पश्चिमेकडे जातो, आणि मांटाही त्याच्यामागे पश्चिम कडांवर जातात. गलबतांप्रमाणेच तेही दोन मोसमांचे प्रवासी आहेत.

या प्राण्यांची सर्वांत प्रसिद्ध जत्रा ‘बा’ कंकणाच्या पूर्वेस हनिफारू नावाच्या चिमुकल्या आखातात भरते. मे ते नोव्हेंबर, विशेषेकरून ऑगस्ट ते ऑक्टोबर, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाबरोबर प्लवक त्या आखातात लोटला जातो व तेथे कोंडतो. मग कधी दहा-वीस, कधी शंभराहून अधिक मांटा एकत्र येऊन चक्राकार फिरत जेवतात. त्या पंगतीस कधी कधी व्हेल शार्कही येतो. नावात देवमासा असला तरी तो मुशीच्या कुळातला मासाच आहे, आणि आज जगात त्याहून मोठा मासा नाही. आमच्या विद्यार्थ्यास आम्ही नकाशावर दाखविले, की पिराराचे जहाज जेथे फुटले ते कंकणही आज याच ‘बा’च्या कारभारात मोडते. महिन्यातील ज्या दिवसांत कवड्या वेचणाऱ्या बायका पाण्यात उतरत, त्याच दिवसांच्या उधाणावर हनिफारूत मांटा येतात. चारशे वर्षांत राजे गेले, कवडीचे मोल कवडीमोल झाले. चंद्राची वेळ तेवढी राहिली.

तेव्हा बेत आखणाऱ्याने प्रथम महिना न निवडता प्राणी निवडावा, हे आमचे म्हणणे. स्वच्छ पाणी, शांत समुद्र आणि लहान मुलांस सुखाने पोहता यावे एवढेच हवे असेल, तर जानेवारी ते मार्च उत्तम. त्या दिवसांत पूर्वेकडील खाड्यांतून निर्मळ पाणी आत शिरते व तेथे मुशींचे थवे दिसतात. मांटाची जत्रा पाहणे असेल, तर भाद्रपद-आश्विनातील उधाण धरावे, पाच दिवसांपैकी दोन पावसाचे गृहीत धरावे, आणि ‘बा’ कंकणात मुक्काम करावा. व्हेल शार्कसाठी दक्षिण आरी कंकणाची बाहेरची कड. तेथे तो बाराही महिने आढळतो. हनिफारूत पाठीवर हवेची नळकांडी बांधून उतरण्यास मनाई आहे. तोंडात नळी धरून पृष्ठभागावर तरंगावे, प्राण्यास हात लावू नये, त्याच्या वाटेत येऊ नये. ज्याच्या घरी जेवायला बसलेल्यांस पाहावयास जातो, तेथे उंबऱ्याशी उभे राहणे ही आपल्याकडेही सभ्यताच आहे.

हे नियम त्या लहान देशाने स्वतःवर घालून घेतले, याचे आम्हांस कौतुक वाटते. इ.स. १९९५ मध्ये व्हेल शार्कला संरक्षण मिळाले; २००९ मध्ये हनिफारू राखीव झाले; २०१० मध्ये सर्व मुशींच्या मासेमारीस बंदी झाली; २०११ मध्ये युनेस्कोने ‘बा’ कंकणास जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. कुपा मासा तर तेथील कोळी परंपरेने जाळ्याने न धरता गळ-काठीने एकेक करून ओढतात. जिवंत मुशी पाहण्यास येणारा पाहुणा मेलेल्या मुशीच्या पंखांहून अधिक पैसा देतो, हा हिशेब या कायद्यांच्या मुळाशी आहे हे खरे. पण त्या हिशेबाने जीव वाचत असेल तर त्यास नावे ठेवू नयेत.

तथापि ज्या घड्याळांची आम्ही एवढी थोरवी गायिली, ती आता पूर्वीसारखी चालतील काय, हा प्रश्न या विषयात टाळता येत नाही. इ.स. १९९८ मध्ये समुद्राचे पाणी असाधारण तापले आणि मालदीवच्या उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळ पांढरे पडून मेले. हळूहळू ते पुन्हा धरले, तोच २०१६ मध्ये निम्म्याहून अधिक पांढरे पडले, आणि २०२४ मध्ये पुन्हा तीच आपत्ती आली. प्रवाळ हा केवळ शोभेचा जीव नव्हे. त्याच्याच सांगाड्यांच्या चुऱ्याची ती पांढरी वाळू, आणि त्याच्याच भिंतीआड ती दीड मीटर उंचीची भूमी. डार्विनने सांगितलेल्या शर्यतीत बांधणारा मधूनमधून बेशुद्ध पडू लागला आहे, आणि पाणी मात्र चढतेच आहे. अल्-बिरूनीच्या काळचा माणूस खचते बेट सोडून नव्या बेटाकडे माड घेऊन जाई. आज जेथे दाट वस्तीचे शहर आहे, इस्पितळ आहे, शाळा आहे, तेथील माणसाने माड उचलून कोठे जावे? आणि वारा व पाणी यांचा मेळ बिघडला, तर प्लवक केव्हा माजेल, मांटा केव्हा येतील, हे कोणते नक्षत्र सांगेल? मृग कोरडा गेलेला पाहून आमचा शेतकरी जसा पंचांगाकडे व आकाशाकडे आळीपाळीने पाहतो, तशीच पाळी त्याच पंचांगाच्या दुसऱ्या वारसावर येत आहे.

पाण्यावरच्या कुटीत थंड हवेचे यंत्र लावून झोपणारे पाहुणे या पापातून मोकळे नाहीत. विमानाने जाणारे आम्ही सारेच त्यात भागीदार आहोत. यास्तव जाऊच नये, असे म्हणण्याइतके आम्ही कठोर नाही, आणि त्या देशाच्या चुलीही आज याच पाहुण्यांवर पेटतात. जावयाचे तर एकदा जावे, समजून जावे, आणि समुद्राच्या वेळेने जावे, एवढेच सांगतो.

हे सारे ऐकून त्या उभयतांनी भाद्रपदी पौर्णिमेचा बेत केला. मुलाच्या आईस तो रुचला नाही; ‘पितृपंधरवड्यात कसली चैन?’ असे त्या म्हणाल्या. शेवटी अनंत चतुर्दशीस गणपती बोळवून, दुसऱ्याच दिवशी मंडळी निघाली. परत आल्यावर सूनबाई आमच्याकडे मुद्दाम येऊन गेल्या. पहिले दोन दिवस पावसाने व वाऱ्याने कुटीबाहेर पडू दिले नाही. इतके पैसे मोजून पाऊसच पाहावयाचा होता तर कोकणात मामाकडे गेलो असतो, असे यजमान दोनदा म्हणून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी होडी हनिफारूकडे गेली. पाणी गढूळ होते. आठ वर्षांच्या मुलीने प्रथम पाहिले आणि नळी तोंडात असतानाच ती ओरडली. खाली एकामागून एक अकरा मांटा तोंडे उघडून संथपणे फिरत होते. वीस मिनिटे फिरले आणि गढूळ पाण्यात दिसेनासे झाले.

‘सर,’ त्या म्हणाल्या, ‘दोन दिवस आम्ही ज्या वाऱ्याला नावे ठेवीत होतो, त्यानेच त्यांना तेथे आणले होते.’ आम्हांस यापुढे सांगण्यासारखे काही राहिले नव्हते. म्हणून आम्ही आत वळून चहा सांगितला.